चारचा पुकारा

साडेतीन वाजता हीनाने तेल्हाऱ्याचा नंबर लावला. निकाल तिच्या मनात जवळजवळ ठरलेलाच होता.

न्यायालय खरं नव्हतं. अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतल्या काही मुलांनी चार वर्षांपूर्वी इंटरनेटवर एक लुटुपुटूचं राज्य मांडलं होतं. त्याला विधानसभा होती, निवडणुका होत्या, एकमेकांवर खटलेही होते. हीना तिथली मुख्य न्यायाधीश. वकिलीची परीक्षा पास होऊनही खऱ्या कोर्टाची पायरी तिने कधी चढली नव्हती. आधी लग्न झालं, मग तुबा झाली. त्यामुळे हे कोर्ट कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, मोबाइलवर भरायचं. पण चालवायची ती खऱ्यासारखंच. रोज दुपारी चारला प्रत्येक वकिलाच्या नावाचा पुकारा. ती नाव लिहायची, समोरच्याने 'हजर' लिहायचं.

आज नियमांची दुरुस्ती होती. अडलं होतं ते नियम अकरावर. लागोपाठ दहा पुकाऱ्यांना उत्तर आलं नाही, तर ते खातं मृत. नाव काढायचं, त्याने लिहिलेलं सगळं पुसायचं. अकोल्याचा फुरकान न्यायालयाचा कारकून होता. त्याने आता एक जोड सुचवली होती. रोज नुसतं 'हजर' लिहून गप्प बसणाऱ्याला न्यायाधीशाने फोन करावा. लिहिणारा दुसराच निघाला, तर तेही खातं मृत धरावं. फुरकानने नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती.

तेल्हाऱ्याचा गजेंद्र. हीनाने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या कोर्टात त्याच्याइतका छळवादी वकील दुसरा नव्हता. प्रत्येक नियमावर तीन-तीन पानं हरकत. नियम अकरावर त्याने लिहिलं होतं, "जजबाई, निंदनाच्या दिवसांत आमी महिना महिना मोबाइल पाहत नाही. गप्प माणूस म्हणजे मेलेला माणूस नाही." हीनाने उत्तर दिलं होतं की न्यायालय वावराच्या वेळापत्रकावर चालत नाही. ते वाक्य सगळ्यांना फार आवडलं होतं. तिलाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याच्या हरकती थांबल्या. दोन महिने झाले, फक्त 'हजर'. पूर्वी त्याला तीनदा पुकारावं लागायचं. आता चार वाजून एक मिनिट होत नाही तोच उत्तर. हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिच्या नजरेतून हल्ली काहीच सुटत नसे. दीड वर्षाची तुबा हाकेला वळत नव्हती. कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात होती. तोवर हीना दिवसातून पन्नासदा हाक मारायची आणि ती इवलीशी मान हलते का ते बघायची. आत्ताही तुबा पाठमोरी बसून वाटीत वाटी घालत होती.

फोन उचलला तो एका बाईने. गजेंद्र आहेत का, हीनाने विचारलं. कोन बोलते, बाईने विचारलं. हीनाने नाव सांगितलं, चारच्या कोर्टाचं सांगितलं.

"जजबाई का तुमी?"

ती त्याची आई होती, पार्वताबाई. तिने सगळं सांगितलं ते सुरात चढउतार न करता, बऱ्याच जणांना सांगून झाल्यासारखं. पोळ्यानंतर आठ दिवसांनी तो कपाशीवर फवारणी करून घरी आला. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाला. अकोल्याला नेला. तिसऱ्या दिवशी गेला.

हीनाने तुबाकडे पाहिलं. मग विचारलं, 'हजर' कोण लिहितं.

मीच, पार्वताबाई म्हणाली. त्याचा मोबाइल वाजायचा, म्हणून धाकट्या लेकीला, आचलला विचारलं. तिने वाचून दाखवलं आणि कुठे काय दाबायचं ते शिकवलं. आपण चौथी शिकलो, एवढा एक शब्द लिहिता येतो. तुमच्या नियमात बसत नाही हे आचलने सांगितलं होतं. चुकलंच ते.

हीना म्हणाली की मावशी, तुम्ही घाबरू नका. त्याने लिहिलेलं कोणी पुसणार नाही, मी आजच तो नियम काढून टाकते. उद्यापासून तुम्हाला काही लिहायची गरज नाही. आता त्याचं नाव पुकारणारच नाही कोणी.

पलीकडे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या.

"पुसाचं असन तं पुसून टाका, बाई," पार्वताबाई म्हणाली. "मले कुठं ते एवढं वाचता येते. पन घरात त्याचं नाव कोनी घेत नाही आता. याईनं, त्याच्या बाबानं, बंदच करून टाकलं, म्हन्तात तुले भोवळ येते. गावातले लोकं मले पाहून गोष्टच बदलतात. साऱ्या दुनियेत तुमीच एक रोज चारले त्याले हाक मारता."

फोन ठेवला तेव्हा चारला चार मिनिटं कमी होती. फुरकानचे तीन निरोप येऊन पडले होते. पडताळणी झाली का? माणूस तोच आहे ना? मत घ्यायचं का?

हीनाने तुबाला हाक मारली. तुबा वाट्यांशीच खेळत राहिली.

या कोर्टात हीनाने आजवर एकही खोटं लिहिलं नव्हतं. तिने निकाल लिहिला : "पडताळणी झाली. खातं जिवंत आहे."

मग चार वाजले. तिने गजेंद्रचं नाव पुकारलं, आणि मिनिट व्हायच्या आत त्याच्या आईने ओ दिली.