कंबरेचं कडं

“सांगतो, पण कोणाले पटन नाई,” चंद्रभानने सुरुवात केली. “तीन सालाआधी याच पोशाखात, याच तलावाच्या तळाशी मी अडकलो होतो, अन् मासोळ्या मले चाटून राहिल्या होत्या.”

धनंजयला ही गोष्ट पाठ होती. आज मात्र तो स्वतः कंबरेपर्यंत पाणबुड्याच्या त्याच रबरी पोशाखात होता, वर नुसतं बनियान. तलावाचं पाणी सोडायचं गेट तळाशी रुतून बसलं होतं. खाली धान निसवत होतं. आज पाणी सुटलं नाही, तर सगळं पोचट. सरकारी पाणबुड्या पुढच्या आठवड्यात येणार होता.

“गोष्ट राहू द्या, काकाजी. हे कंबरेले कसं बसवतेत ते सांगा.”

हे म्हणजे पोलादी कडं. पोशाख दोन तुकड्यांचा, चिखल्याच्या खाणीतून भंगारात आलेला. सदऱ्याची आणि पायजाम्याची रबरी झालर या कड्यावर एकत्र गुंडाळायची, वरून रुंद पट्टा ताणायचा. गुंडाळी चुकली, की कंबरेतून पाणी शिरून पायांत भरतं आणि माणूस तळाशीच राहतो.

चंद्रभानने खर्रा गालात सरकवला. “थांब ना बे! तर माहा पाय साखळीत. वरून गीता दोर ओढून राहिली. इतका ओढला का हातातल्या बांगड्या फुटल्या. रिकाम्या हातानं घरी आली, ते गावानं पायलं ना?”

तलावाच्या पाळीवर बसलेली त्याची बायको, किरकोळ अंगाची गीताबाई, हवेची नळी फुंकून पाहत होती. तिने मान वर केली नाही.

“आधी कोणती झालर? वरची का खालची?”

“तीच तर गंमत आहे! तेवढ्यात एक मोठी मासोळी—”

“काकाजी, मी उतरून राहिलो. मले मरायचं नाई आज.”

पाळीवर अर्धं गाव उभं होतं. मागे सरकायला जागा नव्हती. चंद्रभान खर्रा चघळायचा थांबला.

“वरची,” तो म्हणाला. “नाई, खालची. घाल तर खरा, समजनच.”

काडीसारख्या धनंजयने कड्यात पाय घालून ते वर ओढलं. मांडीवर अडकलं. डोक्यातून घातलं, तर खांद्यावर अडकलं.

“उन्हानं आटलं असन,” चंद्रभान म्हणाला.

“पोलाद?”

कोणीतरी हसलं. मग सगळेच चंद्रभानच्या पोटाकडे पाहू लागले. गाव ते पोट वीस वर्षं तसंच पाहत आलं होतं.

गीताबाईने नळी खाली ठेवली. हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि नवऱ्याच्या तळव्यावर ठेवल्या.

“पायजामा सोड, बाबू,” ती धनंजयला म्हणाली. “आधी खालची झालर असते.”

तिने कडं डोक्यातून घातलं. ते खांद्यांवरून अलगद उतरलं आणि कंबरेवर जाऊन बसलं.

धनंजय आधी तिच्याकडे पाहत राहिला, मग बांगड्या धरलेल्या चंद्रभानकडे.

“म्हंजे वर दोर धरून तुमी होते, काकाजी!”