मागून आलेला 'हो'

जुन्या यात्रेच्या वाटेवर सायकलने जाताना त्यांचा आणि बायकोचा नियम ठरलेला होता. पुढच्याने रस्ता बघून ओरडायचं, मागच्याने 'हो' म्हणायचं. पुढे कायम तेच असायचे. बायको गेली, यंदा ते एकटेच निघाले, पण जिभेची सवय काही जात नव्हती.

"खड्डा," ते ओरडले. उगाचच क्षणभर वाट पाहिली आणि मग पॅडल मारलं. दोन्ही बाजूंची शेतं नुसती मागे सरकत होती. "वाळू आहे, जपून." पुढे अरुंद पूल लागला. "डावीकडे घे, ट्रक येतोय."

"हो," मागून आवाज आला.

त्यांनी कचकन ब्रेक दाबला. मागे हेल्मेट घातलेली एक अनोळखी मुलगी पाय टेकून उभी होती.

"सॉरी काका. मघाच्या चढापासून तुमच्या मागेच आहे. तुम्ही खड्डे सांगत होतात, मला आयतंच झालं."

"मग इतका वेळ गप्प का होतीस?"

"तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात ना."

ते घोटभर पाणी प्यायले. बाटलीचं झाकण लावायला जरा वेळच लागला. "आता तू हो पुढे," ते म्हणाले. "माझा घसा बसलाय."

ती पुढे गेली. पहिल्याच वळणावर तिने हाक दिली, "खड्डा आहे, काका."

त्यांनी तोंड उघडलं. पण 'हो' हा शब्द या वाटेवर त्यांनी कधी उच्चारलाच नव्हता. तो बायकोचा होता. त्यांनी नुसती घंटी वाजवली.