डावा हात

"मार सेल्फ!" बॉनेटमागून मेकॅनिक उस्मानभाई ओरडले. जालिंदरने किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घुरघुरलं. लोखंडाला टेकवून धरलेल्या प्लगवर ठिणगी काही उडाली नाही. वस्तीवर दुसरी गाडी नव्हती.

मागच्या सीटवर त्याचे वडील सुनेच्या मांडीवर डोकं टेकून पडले होते. सकाळी गोठ्यात कोसळले तेव्हाच त्यांची वाचा गेली होती, उजवं अंग लुळं पडलं होतं. डावा हात मात्र सारखा छातीशी जात होता. "अहो, आवरा की! तात्यांच्या छातीत कळा येतायत," म्हणत ती त्यांचा हात बाजूला सारून छाती चोळत होती.

उस्मानभाईंनी प्लग बदलला, वायर बदलली, शेवटी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. "ठिणगी येणार कुठून? आतला रोटरच काढून घेतलाय कुणीतरी."

जालिंदरच्या तोंडाला रात्रीच्या दारूचा वास अजून होता. "पिऊन गाडीला हात लावून बघ, जागची हलली तर सांग," तात्या काल एवढंच म्हणाले होते.

तो मागे धावला. वडिलांचा डावा हातही आता सीटखाली लोंबत होता. त्याने त्यांच्या सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात बोटं घातली. अंगठ्याएवढा रोटर अजून कोमट होता.