तेलाचा हात

सकाळी टाकलेला एअर रायफलीचा लाकडी दस्ता न्यायला रणधीर दुपारी परत आला. खिळ्यानं ठोकून उमटवलेलं त्यावरचं नाव चन्नाप्पा सुतारानं घासून पार गुळगुळीत केलं होतं.

"थांबा की पावणं, तेलाचा एक हात मारतो."

"नको. कागलात गिऱ्हाईक थांबलंय. बहिणीची रायफल, आजच विकायची हाय."

"झालंच की."

जवसाचं तेल मुरलं, तशी दबलेल्या लाकडातनं काळपट अक्षरं वर आली. शांभवी. रणधीरनं दस्ता परत त्याच्यापुढं ढकलला.

"परत घासा!"

"किती घासू? मीच ठोकलंय ते," चन्नाप्पा हात पुसत म्हणाला. "बसा. फोन केलाय मी. तुमची बहीण निघालीया, पोलिसांस्नी घेऊन."