गुबगुबीत अक्षरं

"औ... औषधे," सून जरा थांबून म्हणाली. "आई, तुम्ही सांगा."

"मला नाही गं दिसत," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "अजून जाड कर."

सुनेने पलीकडच्या भिंतीवरचा कागद उतरवला. कितवा, ते मोजणं तिने सोडलं होतं. इस्पितळाच्या पाट्यांसाठी ती नवं अक्षर घडवत होती. जाड, गोल टोकांचं, घाबरून आलेल्या माणसाला कुठे बोचू नये असं. इस्पितळाची अट एकच होती: म्हाताऱ्या माणसाला खोलीच्या या टोकावरून त्या टोकाचं वाचता आलं पाहिजे. नाहीतर काम दुसऱ्याला. आणि घरात म्हातारं माणूस एकच होतं.

"अजून जाड केलं तर ‘ष’चं पोट बुजेल. ‘प’ कुठला नि ‘ष’ कुठला, कळायचं नाही."

"मग फुगू दे की पोट. दिवस गेलेत समज."

सून हसली नाही. उठताना टेबलाचा कोपरा मांडीला लागला, रोजच्याच जागी. चहा ओतला तो अर्धा बशीत गेला.

"माझाच धक्का लागला बाई," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"नाही हो, दमलेय मी. डोळ्यांपुढे नुसती अक्षरं नाचतात."

"नाचतील, नाचतील, नि दमून झोपतील. तूही झोपशील."

सून पुन्हा कामाला बसली. रेघा जाड केल्या, पोटं ऐसपैस केली, टोकं पिठाच्या गोळ्यासारखी वळली. पाट्यांचे सगळे शब्द छापून गठ्ठा पिसला आणि न बघता त्यातला एक कागद भिंतीवर लावला. पाठांतर चालणार नव्हतं.

"ये, माझ्या शेजारी उभी राहा. आधी तू." हा सासूबाईंचा नियम. "रांधणारीने आधी चाखावं, मग वाढावं."

सून खुर्चीशी येऊन भिंतीकडे वळली. "रक्ततपासणी," ती एका दमात म्हणाली.

सासूबाई क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग भिंतीकडे वळल्या. "हो गं. रक्ततपासणी. खणखणीत! पाठवून दे."

सून खुर्चीच्या हातावर मटकन टेकली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझ्यासोबत यायचंय हां. एकटीला धीर होत नाही."

"येते हो, आई."

ती आत जाऊन आडवी झाली. सासूबाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला. पहिल्या दिवशीचे हडकुळ्या अक्षरांचे कागद पलीकडच्या कोपऱ्यात अजून टांगलेले होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी ते ओठातल्या ओठात एकेक करून वाचले. मग डॉक्टरांच्या कार्डावरचा मुंगीएवढा नंबर बघून फोन लावला.

"उद्याचं नाव बदलायचंय," त्या हळूच म्हणाल्या. "माझं खोडा. सुनेचं लिहा."