शुक्रवारची कुवारीण

याही शुक्रवारी मान मैनालाच मिळाला. समोर किसनरावांच्या दारात त्या पोरीचे पाय धुतले जात होते आणि किसनरावांची बायको स्वतः वाकून पायांवर कुंकू लावत होती. शालूबाईनं ते आपल्या ओट्यावरून पाहिलं आणि हातातलं सूप दाणकन खाली आपटलं.

शिरड शहापुरात नवस फेडायचा तर कुवारीण जेवू घालत. कुवारीण म्हणजे देवीच्या नावानं पाटावर बसवायची लहान मुलगी. दिवाळीपासून गावात नवसांना नुसता ऊत आला होता. एक शुक्रवार मोकळा जात नव्हता. शालूबाईची कौसा चांगली गोरीगोमटी, गुटगुटीत, पण नवस कुणाचाही असो, बोलावणं जायचं ते शकुबाईच्या मैनाला.

शकुबाईचा नवरा पावसाळ्यात पटकीनं गेला होता. दिवस लढाईचे, जवारी सोन्याच्या भावानं. ती लोकांच्या रानात हळद काढायला जायची आणि संध्याकाळी मान ताठ ठेवून घरी यायची. कुणी ताकाचा तांब्या पुढं केला तरी नको म्हणायची. घरात काही नाही आणि तोरा पाटलिणीचा, असं शालूबाईचं मत होतं.

आणि ती मैना! पाटावर बसली की दोन-दोनदा वाढून घ्यायची. देवीची कुवारीण अशी अधाशासारखी जेवते का? वर घरी जाताना पानात बांधलेलं पुडकं असायचंच. अलीकडं पोरीच्या गालांवर तुकतुकी आली होती. ती तुकतुकी शालूबाईच्या डोळ्यांत सलत होती.

तिला हे इतकं झोंबायला कारण होतं. कुवारणीचा मान काय असतो ते तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. माहेरी कुरुंद्यात तिच्याशिवाय एक नवस फिटत नसे. वडिलांचा चेहरा तिला आठवत नव्हता, पण घराघरातले पाट आठवत होते. लक्ष्मीच्या पावलांची पोर म्हणायचे तिला. आणि तिथली देवीही कशी कडक! जेवण झालं की देवीचा भाग म्हणून पुडकं मिळायचं. ते कुवारणीच्या आईनं एकटीनं, दार लावून खायचं, कणही उरू द्यायचा नाही, असा दंडक. आई आत खायची आणि छोटी शालू उंबऱ्याबाहेर राखण करायची. नदीवर, जात्यावर, हळदी-कुंकवाला, जिथं चार बाया भेटतील तिथं शालूबाई हे रंगवून सांगायची. तिचा नवरा सोनाजी तर कुरुंद्याचं नाव निघताच बैलांना पाणी दाखवायला निघून जायचा.

कौसाला या मानाचं काही पडलेलं नव्हतं. तूप-भात पुढं ठेवला तरी ती तोंड फिरवायची. पण आईचा जीव जळत होता.

कुणाकडं कोण बसणार हे ठरवायची भिकाबाई. नवसाच्या आदल्या दिवशी हीच म्हातारी बोलावणं घेऊन फिरायची. पुढच्या गुरुवारी दुपारीच शालूबाईनं तिला गाठलं. म्हातारी डाळ निवडत बसली होती.

"मामी, उद्या रामकिशनच्या घरी कौसा बसंल."

भिकाबाईनं मान वर केली नाही. बोलावणं सकाळीच गेलं म्हणाली, पुढं बघू म्हणाली. हे पुढं बघू शालूबाई दिवाळीपासून ऐकत होती.

"काहून? माझ्या लेकीत काय कमी हाय?"

"कायबी कमी न्हाई."

"मंग मी देवळात समद्या बायांसमोर इचारते. बापाला खाल्लेली पोरगी देवीच्या पाटावर कशी चालती? शकुबाईलाबी तिथंच इचारते."

म्हातारीचा हात थांबला. ती उठली, दार ओढून घेतलं आणि पुन्हा सुपापाशी बसली.

मग तिनं सांगितलं. नवरा गेल्यावर शकुबाईची चूल कधी पेटायची, कधी नाही. बायांनी दिलेलं पीठ तिनं दोनदा परत पाठवलं. पोरीच्या पायांच्या काड्या झाल्या, पोट पुढं आलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर पोर हाती लागली नसती.

"नवस कुनाचाच न्हाई, शालू. मानसाला ती न्हाई म्हनती. देवीला कसं म्हनंल?"

शालूबाईला लाज वाटली. पण मघाचा जाळ पुरता विझला नव्हता, त्यानं नुसती जागा बदलली.

"हे समद्यांला ठावं हाय?"

"व्हय."

"मंग मलाच काहून न्हाई सांगितलं? मी काय परकी हाय?"

भिकाबाईनं डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला. पोरीला जेवू घालणं सोपं होतं, ती म्हणाली. अडलं होतं ते मायपाशी. पोर जेवून यायची आणि माय तशीच उपाशी. शेवटी पुडकं द्यायचं ठरलं.

"तिनं ते बरं घेतलं?"

"देवीचा भाग म्हून घेतलं. एकटीनं, दार लावून खाती." भिकाबाईनं सूप बाजूला सारलं आणि शालूबाईच्या हातावर हात ठेवला. "येवढं डोकं आमचं कुठलं, पोरी? समदं तूच तर सांगत आलीस, कुरुंद्याचं."