चार बोटं वर

घराकडे जाणारा चढ सगळा दगडांचा होता. धाकट्याची पिकअप तिथं पोचली की मागून दबायची आणि खाली टांगलेली स्टेपनी खडकावर खरखर घासायची. इंजिनाचा आवाज ऐकला की वर राहणारा थोरला भाऊ हातातलं काम टाकून खाली यायचा. गाडीपुढे उलटा चालत, हात हलवत तो सांगायचा, "डावीकडे घे. अजून घे. बास, आता सरळ ये." गाडी वर निघाली की तो आपल्या घरात निघून जायचा.

शेवटी धाकट्यानं गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीनं मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलले, लोखंडी ठोकळे बसवले आणि मागची बाजू चार बोटं उचलून दिली. "आता डोळे मिटून चढव," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी गाडी एका दमात वर गेली. कुठं खट्ट झालं नाही. थोरला निम्म्या चढावर येऊन पोचला होता. त्यानं हात वर केला, गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा पाहिली आणि तो बाजूला झाला. धाकट्यानं गाडी थांबवली नाही. त्याला बरंही वाटलं नाही नि वाईटही.

घरी बायकोनं पाणी पुढं केलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "आज दादा काय म्हणाले?"

"काही नाही. गरजच पडली नाही."

 

वाटण्या झाल्यापासून दोघं भाऊ फक्त त्या चढावर बोलत होते.